दोन ताऱ्यांची तबकडी

ऑक्टोबर १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीने माइल्स डेव्हिसची ‘ऑन द कॉर्नर’ ही तबकडी बाजारात आणली. डेव्हिस तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि जॅझच्या जगात त्याच्या नावाला जे वजन होतं, ते हयात वादकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आलं होतं. ‘काइंड ऑफ ब्लू’ला १३ वर्षं झाली होती, ‘बिचेस ब्रू’ला अडीच. अशा माणसाच्या नव्या कामाला ‘डाउन बीट’ या जॅझच्या सर्वांत वजनदार मासिकाने पाचपैकी दोन तारे दिले. २००७ साली त्याच कंपनीने त्याच ध्वनिमुद्रणांभोवती सहा सीडींचा संच काढला, आणि त्या सुमाराला ही तबकडी विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या संगीतकृतींत गणली जाऊ लागली होती. या दोन टोकांमधला प्रवास आता सगळीकडे एकाच चालीत सांगितला जातो: समीक्षकांना कान नव्हते, कलावंत काळाच्या पुढे होता, काळाने त्याला न्याय दिला. ही गोष्ट कानाला गोड लागते, पण पुराव्याला धरून नाही. १९७२-७३च्या समीक्षकांनी जे ऐकलं ते बरंचसं अचूक ऐकलं होतं, त्यांचं माप मात्र दुसऱ्याच संगीतासाठी घडलेलं होतं. ते माप पुढे बदललं, आणि ज्या तरुण काळ्या श्रोत्यांपर्यंत डेव्हिसला पोचायचं होतं, पण पोचता आलं नाही, त्यांच्याच संगीताने ते बदललं. समीक्षेच्या शहाणपणाचा त्यात वाटा थोडाच.

आधी हे माप कसं घडलं ते पाहायला हवं, कारण जॅझची समीक्षा हा एक व्यवसाय आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. ‘डाउन बीट’ १९३४ साली शिकागोत सुरू झालं. त्या काळात जॅझ हे नाचाचं संगीत होतं. त्याला कला म्हणून मान मिळवून देणं हे समीक्षकांच्या पहिल्या पिढ्यांचं जीवितकार्य ठरलं. मान मिळवायचा तर व्यक्ती हव्यात, आणि जॅझमध्ये व्यक्ती दिसते ती सोलोमध्ये. त्यामुळे कोणत्या तारखेच्या ध्वनिमुद्रणात कोण वाजवत होता, त्याच्या सोलोत किती कल्पकता होती, गाण्याच्या स्वरसंघातांच्या साखळीवर त्याने काय नवं रचलं, हे मोजण्याची एक बारीक आणि अभिमान वाटावा अशी कसोटी तयार झाली. वादकसूची बनवणारे संशोधक तारखा आणि नावं जुळवत बसले. हे काम मोलाचं होतं. त्याशिवाय जॅझचा इतिहास लिहिताच आला नसता. पण त्यातून एक सवय रुजली. कान आधी पुढे उभ्या असलेल्या वादकाकडे जायचा, आणि ड्रम व बेस म्हणजे त्याच्या मागची भिंत असं समजलं जायचं. १९६३ साली ‘डाउन बीट’च्याच पानांवर लरॉय जोन्सने, म्हणजे पुढच्या अमिरी बराकाने, गोऱ्या समीक्षकांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. ते स्वर तपासतात, पण ज्या जगण्यातून आणि वृत्तीतून ते स्वर निघतात तिकडे त्यांचं लक्ष नसतं, असा त्याच्या लेखाचा रोख होता. त्याचा इशारा नऊ वर्षांनी किती नेमका ठरणार होता, हे तेव्हा कुणालाच कळलं नसेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९७२चे समीक्षक नव्याला घाबरणारे होते असं म्हणता येत नाही. १९६१ साली ‘डाउन बीट’च्या एका संपादकाने जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवलं होतं, त्यावर वादळ उठलं, आणि दुसऱ्या वर्षी मासिकाने त्या दोघांना उत्तर द्यायला जागाही दिली. त्या प्रकरणातून समीक्षकवर्ग धडा शिकला. पुढच्या दशकात कर्कश, लांबलचक, स्वरसंघात झुगारून देणारं संगीत ऐकायला आणि वाखाणायला तो तयार झाला. ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर यांच्या वादनाला आता आदराने जागा मिळत होती. थोडक्यात, अवघड संगीताशी समीक्षकांचं जुळलं होतं. पण त्या अवघडपणाची दिशा ठरलेली होती. संगीत अधिक गुंतागुंतीचं, अधिक व्यक्तिगत, अधिक मोकळं होत गेलं की ते पुढे गेलं असं मानलं जाई. ‘ऑन द कॉर्नर’ नेमकी उलट दिशेने अवघड होती. स्वरसंघात जवळजवळ एकच, बेसची ओळ तीच ती, आणि पुढे उभा राहणारा कुणी नाही. पुढे जाणं म्हणजे काय याचा जो नकाशा समीक्षकांकडे होता, त्यावर ही जागाच दाखवलेली नव्हती.

‘बिचेस ब्रू’चं मात्र कौतुक झालं होतं, आणि त्याचं कारणही इथेच सापडतं. मार्च १९७०मध्ये आलेल्या त्या दुहेरी तबकडीत विजेची वाद्यं होती, दोन-दोन ड्रमवादक होते, टेपची काटछाट होती. पण या सगळ्या धुक्यातून डेव्हिसची तुतारी स्पष्ट, एकाकी, करारी उठत होती. श्रोत्याला धरायला एक नायक होता. जॅझच्या जुन्या मंडळींपैकी काहींनी नाकं मुरडली, तरी तबकडी रॉकच्या श्रोत्यांत खपली आणि १९७१ साली तिला ग्रॅमीही मिळाली. ‘ऑन द कॉर्नर’मध्ये तो नायकच मंचावरून खाली उतरला होता. डेव्हिसने तुतारी वा-वा पेडलमधून काढली आणि तिचे तुकडे तालात असे मिसळले की ती कधी गिटार वाटते, कधी एखादं तालवाद्य. कित्येक मिनिटं ती ऐकूच येत नाही. ज्या समीक्षकाने पंचवीस वर्षं माइल्सचा सोलो मोजला, त्याच्या हाती मोजायला काही उरलंच नाही.

हे संगीत बनलं कसं, ते जवळून पाहिलं की मुद्दा उलगडतो. १ जून, ६ जून आणि ७ जुलै १९७२ या तीन दिवसांत न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत मुख्य काम झालं. पहिल्या दिवशी खोलीत हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि हॅरॉल्ड विल्यम्स असे तीन कीबोर्डवादक, जॉन मॅकलॉफ्लिन गिटारवर, जॅक डिजॉनेट आणि बिली हार्ट ड्रमवर, कॉलिन वॉलकॉट सतारीवर, मायकेल हेंडरसन बेसवर आणि बादल रॉय तबल्यावर होता. सॅक्सोफोनवादक डेव्ह लीबमनला त्या दिवशी निरोप मिळाला तो डॉक्टरच्या दवाखान्यात. आईमार्फत आलेला तो निरोप ऐकून तो धावत स्टुडिओत पोचला तेव्हा वादन आधीच सुरू होतं. डेव्हिसने खुणेने त्याला माइककडे पाठवलं. लीबमनच्या कानाला हेडफोन नव्हते. कीबोर्ड, गिटार आणि बेस यांच्या तारा थेट यंत्रात गेलेल्या, त्यामुळे खोलीत त्याला ऐकू येत होते ते फक्त ड्रम आणि तालवाद्यं. सूर कुठला, हे नीट न कळताच त्याने सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवायला सुरुवात केली, आणि तबकडीच्या आरंभी आपल्याला ऐकू येतो तो हाच सॅक्सोफोन. जॅझच्या समीक्षेने सोलो हा वादकाच्या जाणत्या निवडींचा आलेख मानला होता. इथे त्या निवडीचा आधारच काढून घेतला होता. मागे उरला एक माणूस, तालाच्या प्रवाहात अचानक उतरलेला, त्याच्याशी झटणारा.

बादल रॉयची गोष्टही याच जातीची. मूळचा आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्लाचा हा तरुण संख्याशास्त्राच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आला होता आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये काम करता करता तिथेच तबला वाजवत असे. मॅकलॉफ्लिनची आणि त्याची भेट तिथली. १९७१च्या ‘माय गोल्स बियॉन्ड’ या मॅकलॉफ्लिनच्या तबकडीवर तो वाजवून चुकला होता. मैफली गाजवणारा, कुठल्या घराण्याची पताका घेऊन आलेला असा तो तबलजी नव्हता. १ जूनच्या सत्रात डेव्हिसने त्यालाच सुरुवात करायला सांगितलं. सूर, मात्रा, आराखडा काहीही सांगितलं नाही. त्याने एक ठेका धरला, हँकॉकला तो रुचला, तो त्यात शिरला, आणि एकेक करत सगळे आले. जॅझच्या तबकडीचा पाया त्या दिवशी तबल्याने घातला होता, पण तेव्हाच्या परीक्षणांमधून तबला आणि सतार यांचा उल्लेख होतो तो बहुतेक मागच्या किणकिणाटाचा भाग म्हणून. १९६५नंतर रॉकमध्ये सतारीची जी लाट आली होती, तिने पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय वाद्य म्हणजे वर टाकायचा मसाला असं शिकवून ठेवलं होतं. इथे ते भाजीतच शिजलेलं होतं, म्हणून ते वेगळं उचलून दाखवता येईना. पुढे १९७६ साली मॅकलॉफ्लिनच्याच ‘शक्ती’ या ताफ्याची पहिली तबकडी आली, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासह, तेव्हा तिच्यातलं भारतीय संगीत सगळ्यांना चटकन ओळखू आलं, कारण तिथे राग होते, ताल होते, सवाल-जवाब होते. ‘ऑन द कॉर्नर’मध्ये यातलं काहीच नाही, आणि म्हणून तिच्यातला मिलाफ अधिक खोल आहे असं माझं मत आहे.

हिंदुस्तानी संगीताच्या श्रोत्याजवळ या तबकडीसाठी एक किल्ली आहे, जी १९७२च्या अमेरिकन समीक्षकाजवळ नव्हती. स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरला जातो. एका आवर्तनाची छोटीशी चाल, तीच पुन्हा पुन्हा, तासभर. लेहऱ्यात नावीन्य शोधायला कुणी जात नाही. पेटीवाला तेच ते का वाजवतोय अशी तक्रार केली तर शेजारचा श्रोता चमकून पाहील. सूर तिथे घड्याळाचं काम करतो आणि घडतं ते सगळं तालात घडतं. हेंडरसनची बेसची ओळ अशीच ऐकायला हवी. हा डेट्रॉइटचा जेमतेम विशीतला पोरगा, आधी स्टीव्ही वंडरच्या ताफ्यात होता. जॅझचे बेसवादक जसे सोलोवाल्याच्या पाठोपाठ चालतात तशी त्याला सवयच नव्हती, आणि डेव्हिसला त्याच्याकडून हवी होती ती नेमकी ही न हलण्याची ताकद. ओळ स्थिर राहिली म्हणजे तिच्याभोवतीचे दोन ड्रम, कोंगा, तबला, घुंगरांसारखी किणकिण आणि टाळ्या यांच्यातलं अंतर कमी-जास्त होताना ऐकू येतं. अर्थात लेहऱ्याशी हे साम्य फार ताणू नये. या तबकडीत सम नाही, तिहाई नाही, आवर्तन पुरं झाल्याचं समाधान नाही, आणि डेव्हिसने लेहरा ऐकून हे रचलं असं सुचवण्याला आधार नाही. मुद्दा एवढाच की सूर स्थिर आणि ताल चल अशी मांडणी जगात नवी नव्हती आणि तिचे रसिकही होते. ती कानात मुरलेली असेल, तर ‘तोच तोचपणा’ हा आक्षेप आपोआप निष्प्रभ होतो.

डेव्हिसच्या स्वतःच्या प्रेरणा दुसऱ्या होत्या, आणि त्या त्याने उघड सांगितल्या आहेत: स्लाय स्टोन, जेम्स ब्राऊन, जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन आणि इंग्रज चेलोवादक पॉल बकमास्टर. बकमास्टर त्या वर्षी न्यूयॉर्कला डेव्हिसच्या घरी राहिला आणि त्याने श्टॉकहाउझेनच्या तबकड्या त्याला ऐकवल्या. संगीत म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेली वस्तू असं न मानता, आवाजाची भर घालत किंवा काढून घेत चालू राहणारी प्रक्रिया मानायचं, ही कल्पना तिथून आली. ती प्रत्यक्षात आणली निर्माता टिओ मासेरोने, कात्रीने. पहिली बाजू भर ठेक्यातच उघडते. वाजवायला कधी सुरुवात झाली ते आपल्याला कळतच नाही. जवळजवळ २० मिनिटांच्या एकाच प्रवाहाला चार वेगवेगळी शीर्षकं दिली आहेत. ‘ब्लॅक सॅटिन’ या पाच मिनिटांच्या तुकड्यावर नंतर टाळ्या, शीळ, घंटा चढवल्या गेल्या, आणि दुसऱ्या बाजूची जवळजवळ अर्ध्या तासाची दोन्ही वादनं बहुतांशी त्याच तुकड्याच्या ठेक्यावर चालतात. २००७च्या संचात पहिल्या बाजूचं न कापलेलं मूळ वादनही मिळतं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की मासेरोने काय केलं ते ध्यानात येतं. वादकांनी दिलेल्या साहित्यातून रचना टेबलावर झाली. मग श्रेय कुणाचं, आणि तारे कुणाला द्यायचे? सोलोवर उभ्या असलेल्या समीक्षेजवळ या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

आता परीक्षणांकडे वळू. ‘डाउन बीट’च्या समीक्षकाने लिहिलं त्याचा आशय असा: एक ठराविक ठेका घ्या, मागे तालवाद्यांची खुडबुड ठेवा, थोडे विजेचे आवाज, एकमेकींसारख्या वाटणाऱ्या साध्या धुना, आणि हे न थांबता चालू ठेवा. हा मंत्र की कंटाळा, असा त्याचा प्रश्न होता. ब्रिटनच्या ‘जॅझ जर्नल’मध्ये तक्रार आली की वादकांनी एक स्वरसंघात निवडला आणि पाऊण तास त्याचाच पिच्छा पुरवला. युजीन चॅडबोर्नने कॅनडातल्या ‘कोडा’त याला निव्वळ उर्मटपणा ठरवलं. बिल कोलने १९७४च्या डेव्हिसच्या चरित्रात लोकांच्या बुद्धीचा हा अपमान असल्याचा निवाडा दिला. सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झला या संगीतात काही अर्थच दिसला नाही. पण ही वाक्यं निंदा बाजूला ठेवून, निव्वळ वर्णन म्हणून वाचून पाहावीत. एक स्वरसंघात: बरोबर. न थांबणारा ठेका: बरोबर. एकमेकींसारख्या धुना: बरोबर, कारण दुसऱ्या बाजूला त्या मुद्दामच तशा ठेवल्या आहेत. ‘डाउन बीट’चं वाक्य तर तबकडीची पाककृती म्हणूनही चालेल. म्हणजे यांना ऐकू येत नव्हतं हा आरोप टिकत नाही. जे ऐकू आलं ते दोष आहे हे त्यांनी गृहीत धरलं, आणि ते गृहीत तपासून पाहण्याचं काम केलं नाही. समीक्षकावर याहून मोठा ठपका ठेवण्याची मला गरज वाटत नाही, आणि याहून लहानही ठेवता येत नाही.

शिवाय सगळ्यांनीच तबकडी झोडपली हेही खरं नाही. राल्फ ग्लीसनने ‘रोलिंग स्टोन’मध्ये तिचं मनापासून स्वागत केलं. ग्लीसन हा पन्नाशी ओलांडलेला गोरा जॅझसमीक्षक, जुन्या वळणात वाढलेला. पण तो सॅन फ्रान्सिस्कोत रॉकच्या नाचघरांमधून वर्षानुवर्षं वावरला होता, ‘रोलिंग स्टोन’च्या संस्थापकांपैकी होता, आणि ‘बिचेस ब्रू’च्या वेष्टनावरचा मजकूरही त्याचाच. पाय हलवायला लावणारं, लांबत जाणारं, गर्दीत ऐकायचं संगीत त्याला परकं नव्हतं. म्हणजे फरक वयाचा किंवा वंशाचा जेवढा होता, त्याहून अधिक तो माणूस काय ऐकत आला होता याचा होता.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. बकमास्टरने स्वतः पुढे सांगितलं की डेव्हिसच्या तबकड्यांमध्ये ही त्याला सर्वांत कमी आवडते. लीबमनलाही तेव्हा यात फारसं काही वाटलं नव्हतं. ज्यांनी हे घडवलं त्यांनाच पटलं नाही, तर समीक्षकांना का दोष द्यावा? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष निघतो तो वेगळाच. बकमास्टरने जी प्रक्रिया कल्पिली होती, तिला डेव्हिस आणि मासेरोने दुसरंच वळण दिलं. लीबमनला स्टुडिओत अर्धं संगीत ऐकूच आलं नव्हतं, आणि सोलो घडवत नेण्याची शिस्त हेच त्याचं शिक्षण होतं. ते दोघं समीक्षकांच्याच शाळेत शिकले होते. वादक उत्तम असला म्हणजे तो आपल्या हातून झालेल्या नव्या कामाचा उत्तम श्रोताही असतो, असं नाही. तबकडीत उणिवा नाहीत असंही माझं म्हणणं नाही. दुसऱ्या बाजूची २३ मिनिटं ‘हेलन ब्यूट’ आणि ‘मिस्टर फ्रीडम एक्स’ या दुहेरी नावाखाली चालतात. त्यांतली शेवटची काही मिनिटं कापली असती तरी चाललं असतं. पण ती उणीव दिसते ती या संगीताच्याच मापाने, सोलोच्या मापाने नव्हे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. डेव्हिसला ही तबकडी रस्त्यावरच्या तरुण काळ्या पोरांनी ऐकावी असं वाटत होतं. कॉर्की मॅकॉयने काढलेलं मुखपृष्ठही तेच सांगतं: पिवळ्या पार्श्वभूमीवर कोपऱ्यावर उभे असलेले रंगीबेरंगी कपड्यांतले लोक, व्यंगचित्राच्या शैलीत. ती पोरं आली नाहीत. मग स्वतःच्याच उद्देशाच्या कसोटीवर ती फसली, आणि तिचं नंतरचं कौतुक दुसऱ्याच वर्गाने केलं, असं का म्हणू नये? डेव्हिसने १९८९च्या आत्मचरित्रात याचं खापर कोलंबियावर फोडलं: कंपनीने ती जॅझच्या रेडिओकेंद्रांकडे पाठवली, काळ्या तरुणांच्या केंद्रांकडे नाही. त्यात तथ्य असणार. शिवाय प्रकाशनाच्याच महिन्यात मोटार अपघातात त्याचे दोन्ही घोटे मोडले, तेव्हा फिरून वाजवणंही काही काळ थांबलं. पण एवढं कारण पुरत नाही. वर्षभराने, १९७३ साली, हर्बी हँकॉकची ‘हेड हंटर्स’ त्याच कोलंबियाने काढली आणि ती तुफान खपली. हँकॉकने फंकचा ठेका घेतला आणि त्यावर गुणगुणता येईल अशी धून ठेवली. डेव्हिसने धून काढून घेतली होती. विक्रीतला फरक जाहिरातीने जितका पडला, तितकाच या निवडीनेही पडला, हे मान्य केलं पाहिजे.

त्याच १९७३च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समध्ये क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, याने बहिणीच्या पार्टीत तबकड्या लावल्या, आणि जेम्स ब्राऊनसारख्यांच्या गाण्यांतला फक्त ड्रम वाजतो तो तुकडा दोन तबकड्यांवरून लांबवत नेण्याच्या युक्तीसाठी तो प्रसिद्ध झाला. हिप-हॉपची सुरुवात त्यातून मानली जाते. गाण्यातून गाणं काढून टाकायचं, ताल ठेवायचा, तो फिरवत राहायचा. डेव्हिस-मासेरोने स्टुडिओत टेप कापून जे केलं होतं, त्याच्याशी याचं नातं उघड आहे. पण ‘ऑन द कॉर्नर’ ही हिप-हॉपची जननी असं जे आज लिहिलं जातं, त्याला पुरावा नाही. दोघांचा उगम एकच, जेम्स ब्राऊन. ही भावंडं आहेत, आणि एकमेकांना न ओळखता वाढलेली. पुढच्या १५-२० वर्षांत हिप-हॉप आणि त्यानंतर विजेवर चालणाऱ्या नृत्यसंगीताने जगभरच्या श्रोत्यांना तालाचा फिरता तुकडा हाच संगीताचा गाभा असू शकतो याची सवय लावली. ती सवय लागल्यावर १९७२ची ही तबकडी अचानक समजू लागली. रस्त्याने ती विकत घेतली नाही, पण ती ऐकण्याची कला रस्त्याने घडवली. म्हणून दुसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर असं आहे की उद्देश फसला, कृती नाही. आणि या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय कलेचा इतिहास लिहिता येत नाही.

पुनर्मूल्यांकनाचा क्रमही याला दुजोरा देतो. रॉकसमीक्षक लेस्टर बँग्सने १९७६मध्ये ‘ऑन द कॉर्नर’वर कठोर शब्दांत टीका केली होती, आणि १९८१मध्ये तो पुन्हा या तबकडीकडे आला तेव्हा त्याला तिच्यात एका शहराचं भय आणि ताण ऐकू आला. १९८३च्या उन्हाळ्यात ग्रेग टेटने ‘डाउन बीट’मध्येच विजेच्या वाद्यांच्या माइल्सवर दोन भागांचा लेख लिहिला. टेट तेव्हा विशीतला काळा समीक्षक होता. फंक आणि नुकतं आकार घेणारं हिप-हॉप त्याच्या कानात होतं, आणि बराकाने वीस वर्षांपूर्वी ज्याची मागणी केली होती ती समीक्षा तो लिहीत होता. ज्या मासिकाने दोन तारे दिले, त्याच्याच पानांवर अकरा वर्षांच्या आत हा निवाडा फिरवला गेला होता. ही गोष्ट आज विसरली जाते, कारण प्रचलित कहाणीत न्याय मिळतो तो १९९८ साली बिल लॅसवेलने ‘पँथालासा’ नावाने याच ध्वनिफितींची नवी जुळणी केल्यावर, किंवा २०००च्या पुनर्मुद्रणानंतर. संच विकणाऱ्या कंपनीला उपेक्षा आणि उशिरा मिळालेला न्याय ही कहाणी सोयीची होती. टेटचं श्रेय त्यात झाकलं गेलं.

स्टॅनली क्राउचने मात्र १९९०मध्ये ‘न्यू रिपब्लिक’मधून डेव्हिसच्या या सगळ्या कालखंडावर तरुणांच्या बाजाराला शरण गेल्याचा आरोप ठेवला, आणि क्राउच काही वरवरचा लेखक नव्हता. जॅझची शिस्त ही काळ्या समाजाची कमाई आहे, ती टाकणं म्हणजे वारसा टाकणं, ही त्याची कळकळ खरी होती. पण या तबकडीपुरता तो आरोप टिकत नाही. बाजाराला शरण जाणारा माणूस स्वतःचं वाद्य झाकत नाही, पहिली बाजू २० मिनिटांच्या अखंड ठेक्याला देत नाही, श्टॉकहाउझेन ऐकत बसत नाही. डेव्हिसला तरुण श्रोता हवा होता हे निःसंशय. त्यासाठी द्यावी लागणारी किंमत त्याने दिली नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र डेव्हिसवरच टीका व्हायला हवी. मूळ तबकडीवर एकाही वादकाचं नाव नव्हतं. समीक्षकांनी नावांच्या आधारे मत बनवू नये, कुठलं वाद्य वाजतंय हे त्यांनी कानानेच शोधावं, असा त्याचा हेतू होता आणि तो त्याने बोलून दाखवला. समीक्षेच्या सवयीवर तो नेम अचूक होता. पण त्याचा फटका बसला तो हेंडरसन, बादल रॉय, तालवादक एम्टूमे, सतारवादक खलील बालकृष्ण अशांना, ज्यांच्या हातांत या संगीताचा गाभा होता आणि ज्यांना अजून नाव मिळायचं होतं. डेव्हिसचं नाव वेष्टनावर होतंच. अर्थ तालात आहे हे एकदा मान्य केलं, की ताल कोणी धरला हे सांगणं सोलो कोणी वाजवला हे सांगण्याइतकंच आवश्यक होतं. ही नावं पुढे जुळवली ती सत्रांच्या नोंदी तपासणाऱ्या त्याच वादकसूचीकारांनी, ज्यांच्या पद्धतीचा डेव्हिसला राग होता. २००७च्या संचात प्रत्येक सत्राखाली ती छापलेली आहेत, आणि तबल्यापुढे बादल रॉयचं नाव आहे.